चार वाजताच्या कळ्या

लिकुर्गोस जिना उतरून खाली आला तेव्हा स्तामातिया अंगणात घेवड्याच्या शेंगांच्या शिरा काढत बसली होती. जूनचा पहिला आठवडा. गल्ली अजून दुपारच्या झोपेत होती, आणि लिकुर्गोस काही दुपारची झोप मोडणारा माणूस नव्हे. तीस वर्षं त्याने कालामाता ते अथेन्स बस चालवली. घाटातल्या वळणांवर तो कधी बिचकला नाही, पण आज शेवटच्या पायरीवर येऊन नुसताच उभा राहिला.

"ऊन यंदा लवकर तापलं," तो म्हणाला.

"तापलं खरं."

"समुद्राकडून वारा म्हणून नाही."

"नाही."

मग तो पायरीवरच बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिच्या हातातल्या शेंगेकडे बघत राहिला. स्तामातियाने शेंग खाली ठेवली.

"पोलिक्सेनीला काही झालं का?"

"नाही, नाही. झोपलीय. म्हणजे, पडलीय."

"मग डॉक्टरांचा फोन आला?"

"तसलं काही नाही, कुंबारा."

स्तामातियाची मुलगी तान्ही असताना बाप्तिस्म्याला तिला हातांवर घेतलं होतं ते लिकुर्गोसच्या बायकोने, पोलिक्सेनीने. त्या दिवसापासून ही दोन घरं एकमेकांना, बाईला कुंबारा आणि पुरुषाला कुंबारे, म्हणत आली. ती मुलगी, रोदान्थी, आता जर्मनीत नवऱ्याच्या घरी होती. स्तामातियाच्या नवऱ्याला जाऊन चार वर्षं झाली होती. तिचं म्हणून जवळ जे काही माणूस उरलं होतं ते वरच्या मजल्यावर होतं.

"जाई," लिकुर्गोस शेवटी म्हणाला.

स्तामातियाने मान वळवून पाहिलं. जिन्याच्या कडेला, भिंतीला टेकून, तिच्या कमरेइतक्या उंच मातीच्या रांजणात जाईचा वेल उभा होता. बुंधा मनगटाएवढा जाड. तिथून तो दोरीवरून सरळ वर गेला होता आणि पोलिक्सेनीच्या बाल्कनीच्या कठड्यावर पसरला होता. त्या आठवड्यातच बहर सुरू झाला होता. कळ्यांची गुलाबी टोकं पानापानांतून डोकावत होती.

"काय झालंय जाईला? चांगली भरलीय की."

"तेच ना. भरलीय." त्याने टोपी उलटी केली, सुलटी केली. "तिला वास सहन होत नाही."

फेब्रुवारीत अथेन्सला पोलिक्सेनीचं पोट उघडलं होतं. काढता आलं ते काढलं, बाकीचं तसंच ठेवून शिवलं. तेव्हापासून दर तिसऱ्या मंगळवारी नवरा-बायको पहाटेच्या बसने अथेन्सला जायची आणि शिरेतून औषध चढवून घेऊन दुसऱ्या दिवशी परत यायची. आजाराचं नाव दोन्ही मजल्यांवर कोणी घेत नसे. गल्लीला सांगितलं होतं, आतड्याचं आहे. औषध अंगात भिनलं की तिला वासांचा त्रास होतो हे स्तामातियाला माहीत होतं. कांदा परतायचा बंद झाला होता, साबण बदलला होता. लिकुर्गोस कॉफी प्यायला गल्लीच्या टोकापर्यंत जात असे.

"पण जाई तिची आहे," स्तामातिया म्हणाली.

"तिची आहे म्हणून तर तोंड उघडत नाही. संध्याकाळी आठ वाजले की बाल्कनीचं दार लावून घेते, झडपा ओढते, दाराखाली ओला टॉवेल कोंबते. आत नुसती भट्टी. काल चार वेळा उलटी झाली. मी म्हटलं, खाली सांगतो. तर म्हणाली, सांगितलंस तर बघ." तो उठला. "मी तुला काही सांगितलेलं नाही हं, कुंबारा."

जाई पोलिक्सेनीची होती हे खरंच होतं. बारा वर्षांपूर्वीच्या भूकंपात तिचं जुनं घर बसलं. सगळं गाव तंबूत राहत होतं, पोलीस पडक्या घरांकडे कोणाला फिरकू देत नव्हते, आणि ही बाई एका सकाळी दोरी ओलांडून आत गेली. दागिने आणेल, कागदपत्रं आणेल, असं लिकुर्गोसला वाटलं होतं. ती आली ती ओल्या रुमालात गुंडाळलेली जाईची हातभर काडी घेऊन. चीजच्या रिकाम्या डब्यात, तंबूच्या दाराशी ती काडी रुजली. पुढे दोन्ही घरांनी मिळून हे दुमजली घर बांधलं, तेव्हा तिने तो डबा स्तामातियाच्या हातात दिला. "तुझ्याकडे अंगण आहे, माझ्याकडे कठडा आहे. तू वाढव, मी वर ओढून घेते." आणि खरंच तिने बाल्कनीतून दोरी सोडली. डब्याचं टोपलं झालं, टोपल्याचा रांजण झाला. कोणी दोन फुलं मागितली तर स्तामातिया म्हणायची, मालकीणबाई वर आहेत, त्यांना विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्तामातियाने छाटणीची कात्री काढली. तिने रात्रीत मनाशी ठरवून टाकलं होतं. रांजण हलवता येण्यासारखा नव्हता. मुळं बुडाच्या भोकातून बाहेर पडून फरशीच्या फटीत गेली होती, तिने दोन्ही हातांनी रेटून पाहिलं होतं. तेव्हा रांजणाच्या तोंडापासून वीतभर वर कापायचं. वेल आहे, पुन्हा फुटेल. कात्रीची पाती बुंध्याला लावली तोच वरून आवाज आला.

"काय चाललंय गं?"

पोलिक्सेनी कठड्याला धरून उभी होती. डोक्याला निळा रुमाल, चेहरा मेणासारखा, पण आवाज तोच, गल्लीच्या त्या टोकाला ऐकू जाणारा.

"जरा छाटतेय."

"जूनमध्ये? डोकं फिरलंय का तुझं? जूनमध्ये कोण छाटतं?"

"कीड दिसली."

"कीड माझ्या घरात बसलीय, टोपी घालून फिरते," पोलिक्सेनी म्हणाली आणि आत वळून ओरडली, "लिकुर्गोस! तुझ्या पोटात काही राहतं का रे?" मग पुन्हा खाली वाकली. "ठेव ती कात्री."

"अगं, पण वेल आहे. पुढच्या वर्षी पुन्हा—"

"पुढच्या वर्षाचं मला सांगू नकोस." ती जरा थांबली, दम खाल्ला. "हे बघ. डॉक्टर म्हणालाय, ऑगस्टपर्यंत ही औषधं. ऑगस्टनंतर मी इथे खुर्ची टाकून बसणार, आणि मला जाई हवी. तू ती कापलीस तर मी काय समजायचं? की तुम्ही सगळ्यांनी मिळून हिशेब करून टाकलाय माझा?"

स्तामातियाने कात्री रांजणावर ठेवली.

"शपथ घे."

"घेतली."

"रोदान्थीची घे."

"घेतली गं बाई, रोदान्थीची."

कापायचं नाही, आणि उमलूही द्यायचं नाही. मग एकच वाट राहिली. जाईची कळी आज उमलणार की उद्या, हे दुपारी चारच्या सुमाराला कळतं. आजची कळी फुगते, तिचा गुलाबी रंग मागे सरतो, टोक पांढरं पडतं. आठला ती उघडते. तेवढ्या चार तासांत ती खुडली की वासाचा प्रश्नच नाही. स्तामातियाने वीस वर्षं सुक्या अंजिरांच्या वखारीत काम केलं होतं, तिची बोटं अजून चपळ होती. कठड्यावरचा पसारा तिने दोरी सोडून हळूहळू खाली घेतला आणि जिन्याशेजारच्या तारेवर आडवा बांधला. एवढ्याला पोलिक्सेनीने परवानगी दिली. "खाली घे, पण एक फांदी मोडली तर याद राख."

पहिल्या दिवशी दोनशे-सव्वादोनशे कळ्या निघाल्या. तिने त्या वाडग्यात घालून स्वयंपाकघरात ठेवल्या. आठ वाजता त्या वाडग्यातच उमलल्या आणि सगळं घर घमघमलं. वास जिन्याने वर जायला लागला तशी ती वाडगा घेऊन रस्त्यावर पळाली. दुसऱ्या दिवशी तिने कळ्या पाण्यात बुडवल्या. त्या तरंगत वर आल्या आणि ऐटीत फुलल्या. तिसऱ्या दिवशी मातीत पुरल्या. मांजराने उकरल्या.

शेवटी तिने पिशवी भरून त्या समोरच्या घरी नेल्या. किरा दियामांतो, म्हणजे दियामांतोबाई, ऐंशीची होती. गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती. दिवसभर दारात खुर्ची टाकून ती गल्ली राखत असे.

"घे," स्तामातिया म्हणाली. "वाट कोणाला वाटायच्या तर."

दियामांतोने पिशवीत नाक घातलं. "बारा वर्षं एक फूल मागितलं तर परवानगीचा कागद मागायचीस. आता पोत्याने? काय, दानधर्म काढलायस?"

"खूप आल्यात यंदा."

"खूप आल्यात तर उमलू दे की. गल्लीला वास तरी येईल. कळ्या खुडतं का कोणी? लेकराला रांगायच्या आधीच—" तिने वाक्य अर्धं सोडलं, स्तामातियाच्या तोंडाकडे पाहिलं आणि पिशवी मांडीवर ठेवली. "बरं. आण रोज."

त्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या बायका समुद्रकाठी फिरायला जाताना कानामागे जाई खोचून जायच्या. पाइनच्या काड्यांत ओवलेले झुपके चहूकडे दिसायचे. कोणाला ठाऊक नव्हतं ते कुठून येतात. खुद्द त्या घरात मात्र फूल नव्हतं. आणि जाईचं असं की जितकी खुडाल तितकी ती फुटते. दोनशेच्या चारशे झाल्या, चारशेच्या सहाशे. स्तामातियाने पाणी तोडून पाहिलं. पानं मलूल झाली, कळ्या तेवढ्याच. मग तिला वाटलं, पाण्यावाचून मेली तर शपथ मोडल्यासारखीच. आणि तिने पुन्हा घागर ओतली. साडेतीनला शिडी लावायची ती सातपर्यंत. मान अवघडायची, डोळे मिटले तरी पांढरी टोकं नाचायची. पण वरची दारं संध्याकाळी उघडी राहू लागली. पंख्याचा आवाज खाली यायचा, कधी रेडिओही. तेवढ्यावर ती खूश होती. सकाळी वर जाऊन लिंबाचा बर्फ आणि कोरडे टोस्ट देऊन यायची, दोघी तासभर बसायच्या.

जुलैच्या मध्यावर तिच्या चुलत बहिणीचं वर्षश्राद्ध होतं, मेसिनीच्या पलीकडच्या गावात. तीनच्या बसने परत यायचं ठरवून ती गेली. बस आलीच नाही. चार वाजले, पाच वाजले. थांब्यावर उभं राहून ती मनात शिडी चढत होती. एकाने शेवटी टरबुजांच्या गाडीत घेतलं. गल्लीच्या तोंडाशी उतरली तेव्हा साडेआठ होऊन गेले होते, आणि घर दिसायच्या आधी वास आला.

दीड महिन्यात एकदाही उमलू न दिलेली जाई त्या संध्याकाळी एकदम उमलली होती. तार दिसत नव्हती, पान दिसत नव्हतं. लोक थांबून बघत होते. "अरे वा," कोणीतरी म्हणालं, "काय सुंदर!" वरच्या झडपा गच्च बंद होत्या आणि त्यांच्या मागून ओकारीचा आवाज येत होता.

तिने पिशवी टाकली आणि उभ्या उभ्या दोन्ही हातांनी फुलं ओरबाडायला लागली. मुठी भरभरून. पाकळ्या चुरगळत होत्या, रस बोटांवरून मनगटावर येत होता, वास कमी व्हायच्या ऐवजी वाढत होता. मध्येच तिला काय वाटलं कोण जाणे, ते सगळं सोडून ती जिना चढून वर धावली.

पोलिक्सेनी न्हाणीघरात फरशीवर बसली होती. लिकुर्गोस तिला मागून धरून होता आणि त्याचंच तोंड रडवेलं झालं होतं.

"मी धरते, तू पाणी आण," स्तामातिया म्हणाली आणि तिने पोलिक्सेनीच्या कपाळाखाली हात घातला. बाळंतपणात, तापात, नवऱ्याच्या मयताच्या दिवशी या दोघींनी एकमेकींची डोकी अशीच धरली होती.

पोलिक्सेनी ताठ झाली. तिने दोन्ही हातांनी स्तामातियाला ढकललं, आजारी माणसात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे.

"हो बाहेर! तुझे हात— हो बाहेर, देवाच्यान हो!"

स्तामातिया जिन्यात येऊन बसली. हात तिने अंगापासून दूर धरले होते, दुसऱ्याच कोणाचे असल्यासारखे.

त्या दिवसानंतर तिने हात लिंबाने घासले, व्हिनेगरने घासले, चुलीतल्या राखेने घासले. कपडे बदलून, केस धुवून, सकाळी पोट रिकामं असताना वर गेली. पोलिक्सेनीने तिला बसायला सांगितलं, हसून बोलली, रोदान्थीचं विचारलं. मग हळूच तोंड भिंतीकडे वळवलं.

"येतोय का अजून?" स्तामातियाने विचारलं. "अगं, मी तर—"

"वास नाही येत." पोलिक्सेनीने डोळे मिटून घेतले. "तुला बघितलं तरी ढवळतं आता. अथेन्सला त्या औषध लावणाऱ्या नर्सला बघून होतं तसं. तुझा दोष नाही, कुंबारा. माझ्या डोक्यालाच सांगता येत नाही."

"मग मी येत नाही."

"थोडे दिवस."

"थोडे दिवस," स्तामातिया म्हणाली आणि टोस्टची बशी टेबलावर ठेवून खाली आली.

मग फोन सुरू झाला. सकाळी दहाला खालचा फोन वरच्या मजल्यावर लागायचा. मध्ये एक छत होतं, मोठ्याने बोललं असतं तर फोनचीही गरज नव्हती.

"हॅलो, कोण बोलतंय?" स्तामातिया विचारायची.

"परदेशातून बोलतेय," पोलिक्सेनी म्हणायची. "लाइन खराब आहे, लवकर बोल."

"जेवलीस का?"

"अर्धा टोस्ट. आणि लिकुर्गोसने सूप केलं होतं. ते बघून मला कळलं की जगात माझ्याहून दुःखी प्राणी आहेत. त्या कोंबडीने काय पाप केलं होतं गं?"

स्तामातिया हसायची. हसता हसता रिसीव्हरवरचा हात बदलायची, कारण बोटं सुजली होती. वर जाता येत नाही तर खुडायचं तरी कशाला, असा विचार तिच्या मनात येऊन गेला. खुडल्यामुळे जाता येत नाही, हेही मनात आलं. पण चार वाजले की कळ्या फुगायच्या आणि ती शिडी लावायची. दुसरं काहीच तिच्या हातात नव्हतं.

ऑगस्टच्या सुरुवातीला एक दिवस शिडीवर तिला घेरी आली. पडली नाही, पण तारेला धरून खाली उतरली आणि पायरीवर बसली. डोळे उघडले तेव्हा समोर काठी टेकत, एकेक पाऊल मोजत किरा दियामांतो रस्ता ओलांडत होती. दोन वर्षांत तिला रस्ता ओलांडताना कोणी पाहिलं नव्हतं.

"खुर्ची दे," ती म्हणाली. "आणि खालच्या कुठल्या, वरच्या कुठल्या ते दाखव. खालच्या मी खुडते."

"कशाला, किरा दियामांतो? मला सवय आहे—"

"गप बस. आतड्याचं म्हणे. मी काय काल जन्मले? केस गेले, भुवया गेल्या, त्या कुठे आतड्यातून गेल्या का?" तिने एक कळी खुडून डोळ्याजवळ धरली. "सगळ्या गल्लीला माहीत आहे. तुम्हाला सांगायचं नव्हतं म्हणून आम्हाला कळत नव्हतं. आता चार वाजता खुर्ची इथे असू दे."

ती रोज येऊ लागली. खालच्या फांद्या ती खुडायची, बोलायची मात्र नाही. ते न बोलणं हीच तिची देणगी होती. स्तामातियाला पहिल्यांदा सोबत मिळाली, आणि सोबत मिळाल्यावर तिला एक दिवस रडू फुटलं. दियामांतोने त्याकडे लक्ष दिलं नाही. "डावीकडची एक राहिली बघ," एवढंच म्हणाली.

पंधरा ऑगस्टच्या, मरियामातेच्या सणानंतर वरची दोघं अथेन्सला गेली ती तीन दिवस आली नाहीत. यायची त्या संध्याकाळी स्तामातियाने एकही कळी सुटू दिली नाही. टॅक्सीतून उतरताना पोलिक्सेनीने तिला लांबूनच हात केला आणि लिकुर्गोसच्या खांद्याला धरून जिना चढली. चार पायऱ्या, थांबणं, चार पायऱ्या. दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाली, "डॉक्टरांनी सुट्टी दिलीय औषधांना. शरीराला जरा आराम म्हणे. बघू पुढे."

"किती दिवस?"

"ते त्यांना ठाऊक. महिना, दोन महिने."

स्तामातियाने त्या बोलण्याचा चांगला अर्थ लावला. आराम म्हणजे आराम. ती खुडत राहिली. अथेन्सचा तिसरा मंगळवार आला आणि गेला, दोघं बसला गेली नाहीत. सप्टेंबर लागला. बाल्कनीतून हळूहळू वेगवेगळे वास यायला लागले. आधी कॉफीचा. लिकुर्गोस गल्लीच्या टोकाला जाईनासा झाला. एक दिवस कांदा परतल्याचा वास आला, आणि स्तामातिया अंगणात उभी राहून तो वास छातीभर घेत राहिली. सुधारतेय, तिने मनाशी म्हटलं. दियामांतोलाही म्हणाली.

त्या शुक्रवारी साडेतीनला तिने शिडी लावली, टोपली अडकवली. दियामांतो अजून यायची होती. वर बाल्कनीत लिकुर्गोस उभा होता, कठड्यावर दोन्ही कोपर टेकून. किती वेळ होता कोण जाणे.

"कुंबारा," तो म्हणाला. "आज राहू दे."

"काय राहू दे?"

"खुडू नकोस. उमलू दे आज."

"अरे, पण तिला—"

"तिला आता काही होत नाही," तो म्हणाला. "औषध उतरलंय अंगातून सगळं. वास येतो तिला, चांगला वाटतो. तीच म्हणाली." एवढं बोलून तो तिच्याकडे न बघता समोरच्या छपरांकडे बघत राहिला. घाटात रस्ता संपल्यावर माणूस पाहील तसं.

स्तामातियाने एक हात शिडीला धरला होता. तिला काही विचारायचं होतं. डॉक्टर नक्की काय म्हणाले, सुट्टी म्हणजे कसली सुट्टी, पुन्हा कधी जायचंय. पण त्याच्या पाठीमागे दार उघडं होतं, आणि तिला उत्तर कळलं होतं. ती औषधं आता पुन्हा सुरू व्हायची नव्हती. ती खाली उतरली. शिडी मिटून भिंतीला लावली. टोपली हातात घेऊन ती अंगणात इकडून तिकडे गेली, तिकडून इकडे आली. दियामांतो काठी टेकत आली तर तिला म्हणाली, "आज नाही." दियामांतोने वर पाहिलं, मग शिडीकडे, आणि "बरं झालं, गुडघे दुखतच होते," म्हणून परत गेली.

सातला पोलिक्सेनीने स्वतःच हाक मारली. "काय गं, परदेशातच राहणार आहेस का?"

ती वर गेली. दाराशी थबकली. पोलिक्सेनी बाल्कनीत उशा लावून खुर्चीत बसली होती, इतकी लहान की उशाच बसल्यासारख्या वाटत होत्या. मांडीवर बशीत सोललेली अंजिरं होती.

"ये, ये. काही होत नाही. बघ, तुला बघितलं आणि ओकले नाही. लिकुर्गोस, हिला खुर्ची दे. जवळ ठेव."

स्तामातिया बसली. हात मांडीखाली लपवले होते. पोलिक्सेनीने ते ओढून बाहेर काढले, उलटसुलट करून पाहिले. "काय करून घेतलंस हे? धोबिणीचे तरी बरे असतील," म्हणाली आणि धरूनच ठेवले. तिच्या बोटांत ताकद नव्हती. धरलेले नव्हतेच ते, ठेवलेले होते.

"सुट्टी मानवली तुला," स्तामातिया म्हणाली.

"मानवली ना. काल मी कोंबडी खाल्ली, तीही याच्या हातची." तिने अंजिराचा एक तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ चघळला. "असंच चाललं तर नाताळाला तुझ्या रोदान्थीकडे जाऊ आपण दोघी. मला बर्फ बघायचाय. टीव्हीवर नाही, पायाखाली."

स्तामातियाने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पोलिक्सेनीला खरंच तसं वाटत होतं, की ती स्तामातिया आणि लिकुर्गोससाठी तसं बोलत होती, हे त्या चेहऱ्यावरून कळेना. चाळीस वर्षांत त्या चेहऱ्यावरचं कळलं नाही असं काही नव्हतं. आज पहिल्यांदाच कळेना. लिकुर्गोस उठून आत गेला आणि नळ सोडल्याचा आवाज आला.

"जाऊ की," ती म्हणाली. "जाड कोट लागेल तुला."

"तुझा घालीन. तू जाड आहेस, तुला काय थंडी?"

खाली तारेवर कळ्या उघडायला लागल्या होत्या. पोलिक्सेनीने डोळे मिटून श्वास घेतला. स्तामातिया सवयीने ताठ बसली, बादली कुठे आहे ते नजरेने शोधलं. पण काही झालं नाही. पोलिक्सेनी नुसती श्वास घेत राहिली, हळू आणि उथळ, एकापाठोपाठ एक.

रस्त्यापलीकडून दियामांतोने काठी उंचावली.

"काय गं पोलिक्सेनी! आज बाहेर? बरं दिसतंय की!" उत्तर आलं नाही तसं तिने आवाज आणखी चढवला. "स्तामातिया! बरी आहे ना ती?"

अख्खी गल्ली दारात होती. पोलिक्सेनीने डोळे उघडून स्तामातियाकडे पाहिलं आणि वाट बघत राहिली.

"बरी आहे," स्तामातिया ओरडून म्हणाली. "खूप बरी आहे आता."

पोलिक्सेनीने दियामांतोला हात केला. मग बशी पुढे सरकवली. "घे ना एक. गोड आहेत."

त्यानंतर ती सव्वा महिना होती. जवळजवळ रोज संध्याकाळी बाहेर बसली.